ट्रॉलीवर जड यंत्र चढवताना: फळ्यांपेक्षा मुरमाचा धक्का बरा

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी सुरू झाली की पेडगाव मंडळात यंत्रांची ने-आण एकदम वाढते. साखळी पट्ट्यावर चालणारा हार्वेस्टर या शिवारातून त्या शिवारात न्यायचा असतो. कुणाच्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट ऐन हंगामात जाते आणि तो परभणीच्या वर्कशॉपला पोहोचवायचा असतो. अवजारे बँकेचा छोटा ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर दुसऱ्या गावात भाड्याने द्यायचा असतो. यातली बरीचशी वाहतूक शेतातल्याच ट्रॉलीवर होते, आणि चढवण्यासाठी असतात दोन फळ्या, चार माणसे आणि "ये, ये, ये" असा ओरडा.

रस्त्यावरचा प्रवास अर्ध्या तासाचा असतो आणि चढवणे-उतरवणे दहा मिनिटांचे. तरी जिवाचा धोका जास्त असतो तो या दहा मिनिटांतच. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट नसते. फळीवरून एक चाक सुटले, तर उडी मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणून चढवताना काय करायचे ते ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ठरलेले हवे. इंजिन चालू झाल्यावर आणि भोवती माणसे जमल्यावर घेतलेले निर्णय घाईचेच होतात.

वजन आधी माहीत हवे

अंदाजपंचे काम इथे चालत नाही. पॉवर टिलरचे वजन साधारण ४०० ते ५०० किलो असते. २० अश्वशक्तीच्या आसपासचा छोटा ट्रॅक्टर ८०० ते ९०० किलोंचा भरतो. ४५ ते ५० अश्वशक्तीचा नेहमीचा ट्रॅक्टर अवजाराशिवाय १,९०० ते २,२०० किलो असतो. त्यामागे सहा फुटी रोटाव्हेटर असेल तर आणखी ४०० ते ५०० किलो धरा. साखळी पट्ट्याचा लहान हार्वेस्टर ३ टनांच्या आसपास जातो आणि जेसीबी साडेसात टनांच्या. नेमके वजन यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत किंवा यंत्रावरच्या पत्र्याच्या पट्टीवर असते. ते एकदा बघून शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा.

ट्रॉली किती टन पेलते हे तिच्या नोंदणीच्या कागदावर असते. "हिच्यात पाच टन ऊस बसतो, मग ट्रॅक्टरचे काय?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ऊस सगळ्या ट्रॉलीभर पसरलेला असतो. ट्रॅक्टरचे वजन चार टायरांखालच्या चार ठिकाणी एकवटते, आणि त्यातले साठ टक्क्यांहून जास्त मागच्या दोन चाकांवर असते. गंजलेला पत्रा आणि सुटलेले वेल्डिंग नेमके तिथे दगा देते. चढवण्याआधी ट्रॉलीखाली वाकून आडव्या पट्ट्या तपासा. पत्रा पातळ झाला असेल तर चाकांच्या रेषेत जाड फळ्या टाका. जेसीबी आणि पोकलेन शेतातल्या ट्रॉलीवर चढवूच नयेत. पोकलेनसाठी लोबेड ट्रेलर मागवावा. जेसीबी स्वतःच्या चाकांवर जाऊ शकतो, त्याला तसेच जाऊ द्यावे.

काळी जमीन आणि खचणारे चाक

परभणी तालुक्यातली भारी काळी जमीन वरून वाळलेली दिसते, पण खाली ओल धरून असते. परतीचा पाऊस पडून गेल्यावर चार-पाच दिवस तरी शेतात किंवा बांधावर ट्रॉली उभी करून यंत्र चढवू नये. ट्रॉलीचे एका बाजूचे चाक तीन इंच खचले की ट्रॉली त्या अंगाला झुकते. झुकली की वजन त्याच चाकावर वाढते आणि ते आणखी खचते. हे सगळे ट्रॅक्टर अर्ध्या फळीवर असताना घडते, आणि तेव्हा त्याला पुढेही नेता येत नाही नि मागेही.

जागा मुरमाड, घट्ट आणि दोन्ही अंगांनी सपाट हवी. शेताबाहेर काढता येत नसेल तर ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाखाली दोन फूट लांब, जाड फळी घाला. फळ्यांची खालची टोकेही नुसत्या मातीवर टेकवू नका, त्यांच्याखाली आडवी फळी किंवा सपाट दगड द्या. सडकेच्या कडेला चढवायची वेळ आली तर गावच्या रस्त्यावर चढवा. परभणी–मानवत–पाथरी महामार्गाच्या कडेला हे काम करू नये, अंधार पडल्यावर तर मुळीच नाही.

ट्रॉली उलाळ का होते

बैलगाडी हाकलेल्यांना 'उलाळ' हा शब्द नव्याने सांगायला नको. गाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की जू वर उचलले जाते, तेच इथे होते. फरक एवढाच की बैलाच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक असतो.

दोन चाकी ट्रॉलीचे उदाहरण घ्या. मागचा फाळका तिच्या ॲक्सलपासून पाच फूट मागे आणि हूक नऊ फूट पुढे आहे असे धरा. चढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची चाके फाळक्याच्या जागी आली की तिथे सुमारे १,३०० किलो पडतात. त्या वजनाने हुकाला वरच्या दिशेने ७०० किलोंच्या आसपास जोर मिळतो. रिकाम्या ट्रॉलीचे हुकावरचे मूळचे वजन त्यातून वजा केले, तरी ५०० किलोंचा उचलणारा जोर शिल्लक राहतो.

आता ओढणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघा. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, हँडब्रेकही तिथेच लागतो. हूक वर उचलला गेला की तीच चाके हलकी होतात आणि ब्रेक लावलेला असूनही ट्रॅक्टर ट्रॉलीसकट सरकतो. वरून चढणाऱ्या ट्रॅक्टरची चाके ट्रॉलीला पुढे-मागे रेटत असतातच. "ब्रेक मारलेला होता, तरी गाडी गेली" असे सांगणाऱ्याचे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते.

यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. ट्रॉलीच्या मागच्या टोकाखाली, चासीच्या दोन्ही पट्ट्यांना, लाकडी ओंडक्यांचे भक्कम टेकू द्यायचे. टेकू आणि चासी यांच्यात बोटभरही फट राहता कामा नये, नाहीतर ट्रॉली आधी तेवढी आपटते. रचलेल्या विटा टेकू म्हणून चालत नाहीत, त्या फुटतात. त्यानंतर ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चारही चाकांना ठोकळे लावायचे. गोल दगड ठोकळ्याचे काम करत नाही. एक अंग उतरते कापलेले बाभळीचे लाकूड सर्वांत चांगले.

चार चाकी ट्रॉली उलाळ कमी होते, पण तिची पुढची चाके फिरती असतात. ती ट्रॅक्टरला सरळ रेषेत जोडलेली असल्याशिवाय तिच्यावर काही चढवू नये. नुसती उभी केलेली चार चाकी ट्रॉली पुढचे चाक वळून एका अंगावर बसते.

फळ्या वापराव्याच लागल्या तर

ट्रॉलीच्या तळाची उंची सर्वसाधारणपणे सव्वातीन फूट असते. घरात सापडलेली सहा फुटी फळी लावली तर चढ ३३ अंशांचा होतो, म्हणजे जवळजवळ भिंतच. दहा फुटी फळीने तो १९ अंशांवर येतो आणि बारा फुटीने १६ अंशांच्या खाली. ट्रॅक्टरसाठी बारा फुटांपेक्षा आखूड फळी वापरू नये. लांब फळी मध्ये वाकते, म्हणून प्रत्येकीच्या मध्याखाली टेकू हवा. मागच्या एका चाकाखाली ६०० ते ७०० किलो येतात, आणि तीन इंची फळी बारा फुटांत ते पेलत नाही. चार इंची बाभूळ किंवा लोखंडी चॅनेलचे रॅम्प बनवून घ्यावेत. गाठी आणि चिरा असलेली फळी जळणात घाला.

दोन गोष्टी नेहमी राहून जातात. पहिली म्हणजे फळी ट्रॉलीला बांधणे. चाक वर चढताना फळीला मागे ढकलते. जितका जोर वर जायला, तितकाच फळीला मागे सारायला. नुसती टेकवलेली फळी त्या रेट्याने ट्रॉलीच्या कडेवरून सटकते आणि ट्रॅक्टर त्याच क्षणी खाली बसतो. फळीच्या वरच्या टोकाला लोखंडी आकडा ठोकून तो ट्रॉलीच्या कडीत अडकवावा किंवा पिन घालावी. तेही जमत नसेल तर साखळीने चासीला आवळून बांधावी.

दुसरी गोष्ट रुंदीची. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सारखे नसते. मागची चाके फळीच्या मधोमध गेली, म्हणून पुढचीही जातील असे नाही. चढवण्याआधी दोन्ही अंतरे दोरीने मोजा आणि फळ्या तेवढ्या रुंद ठेवा. चाकाच्या दोन्ही बाजूंना चार बोटे तरी फळी उरली पाहिजे.

टायरला लागलेला काळा चिखल खरवडून काढा. ओला चिखल आणि लोखंडी पत्रा यांची गाठ पडली की चाक जागीच फिरते. रॅम्पला आडव्या सळ्या वेल्ड करून घेतल्या तर पकड चांगली येते. ट्रॉलीचा तळ चिकणा झाला असेल तर त्यावर बारीक कच टाका. गवत किंवा भुसा टाकू नका, त्यावरून चाक आणखी घसरते.

चढवायचा उलटा, उतरवायचा सुलटा

ट्रॅक्टर ट्रॉलीवर मागे घेत, रिव्हर्स गियरमध्ये चढवावा आणि उतरवताना तोंड पुढे करून, पहिल्या गियरमध्ये उतरवावा. चालकांना हे पटवणे अवघड जाते, कारण समोर बघत चढवणे सोयीचे वाटते.

कारण असे आहे. इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलवर येतो. तोंड वर करून चढताना चाकांना पुढे जाणे जड गेले, तर तो जोर ट्रॅक्टरच्या बोनेटलाच ॲक्सलभोवती वर उचलू लागतो. चढावर पुढचा भाग आधीच हलका झालेला असतो. पुढची चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर परत न येणाऱ्या टोकाला पोहोचायला पाऊण सेकंद लागतो, आणि पूर्ण उलटायला दीड सेकंद. चालकाला काय घडतेय ते कळून पाय क्लचवर जाईपर्यंत तेवढा वेळ निघून गेलेला असतो. उलटा चढवला तर जड भाग वरच्या अंगाला राहतो आणि बोनेट उचलण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय जड मागची बाजू ट्रॉलीच्या पुढच्या भागात, हुकाच्या दिशेला बसते. वाटेत ट्रॉली उलाळ होऊ नये म्हणून ते हवेच असते.

मागे रोटाव्हेटर किंवा नांगर लावलेला असेल तर तो आधी काढा. लिंकेजचे हात वर उचलून घ्या, नाहीतर ते फळीत रुततात. पीटीओ बंद करा.

चढायला सुरुवात करण्याआधी ब्रेकचे दोन्ही पेडल एकत्र जोडणारी कडी लावलेली आहे ना, हे हात लावून बघा. शेतात वळताना सोयीचे म्हणून ही कडी बहुतेक ट्रॅक्टरांवर कायम सुटी असते. फळीवर असताना घाबरून एकाच पेडलवर पाय पडला, तर एकच चाक थांबते, ट्रॅक्टर गर्रकन तिरका होतो आणि फळीवरून उतरतो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, असे आम्ही प्रत्येक ट्रॅक्टर चालकाला सांगू.

गियर सर्वांत हळू चालणारा घ्या आणि एकदा फळीवर चाक गेले की तो बदलू नका. क्लच दाबू नका. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. थांबायची वेळ आलीच तर ब्रेक आधी, क्लच नंतर. फळीवर स्टेअरिंग वळवायची गरज पडली, तर सुरुवातच चुकली आहे असे समजा. खाली उतरा, ट्रॅक्टर सरळ रेषेत घ्या आणि पुन्हा चढा.

इशारा देणारा माणूस एकच असावा. तो चालकाला दिसेल अशा जागी, फळ्यांपासून दूर, ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्याच्या बाहेर उभा राहील. त्याने हात वर केला की चालकाने थांबायचे, कारण विचारायचे नाही. बाकी कुणीही फळ्यांच्या शेजारी किंवा ट्रॅक्टरच्या खालच्या अंगाला उभे राहू नये. "जरा जोर लावतो" म्हणून मागून हात देणारा माणूस दोन टनांच्या ट्रॅक्टरला काही अडवू शकत नाही, पण तो घसरला तर पहिला त्याच्यावरच येतो. मडगार्डवर कुणी बसलेले नसावे. पोरांना तिथून हाकला, ती रागावली तरी चालतील.

गावाचा मुरमाचा धक्का

वरचे बरेचसे त्रास फळ्यांमुळे येतात. फळ्याच नकोत, असे करता येते. रेल्वेच्या मालधक्क्यावर वाघिणीच्या तळाशी समान उंचीचा ओटा असतो, तसाच छोटा धक्का गावात बांधला तर यंत्र जमिनीवरून चालत ट्रॉलीत जाते. पेडगावसारख्या मंडळाच्या गावाला, जिथे आसपासच्या वाड्यांची यंत्रेही येतात, असा एक धक्का पुरतो.

मापे अशी घ्या. गावातल्या चार-पाच ट्रॉल्यांच्या तळाची उंची मोजा आणि सर्वांत कमी असेल ती धरा. धक्का ट्रॉलीपेक्षा उंच झाला तर यंत्र ट्रॉलीत आदळते. दोन-तीन इंच खाली असला तर चालते, ते अंतर एका जाड फळीने भरून निघते. चढाचे प्रमाण १ ला ६ ठेवा, म्हणजे सव्वातीन फूट उंचीसाठी सुमारे २० फूट लांबीचा उतार. हा चढ साडेनऊ अंशांचा होतो आणि त्यावर ट्रॅक्टर अगदी निवांत जातो. उताराच्या वर किमान १२ फूट लांबीचा सपाट ओटा हवा. ट्रॅक्टरची चारही चाके आधी सपाटीवर येतात आणि मग तो ट्रॉलीत शिरतो, हाच या ओट्याचा खरा फायदा. रुंदी १२ फूट ठेवा.

एवढ्या मापाला नुसत्या आकाराचा हिशेब केला तर साडेआठ ब्रासच्या आसपास मुरूम येतो. बाजूंचे उतार आणि दबाई धरून ११ ते १२ ब्रास मागवा. मुरूम एकदम ओतून वरून जेसीबीने थापटू नका. अर्ध्या-पाऊण फुटाचे थर द्या आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर किंवा भरलेली ट्रॉली फिरवा. खालची काळी माती फूट-दीड फूट काढून टाकल्याशिवाय भर घालू नये. ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि धक्क्याला भेगा पाडते. ट्रॉली लागते त्या समोरच्या तोंडाला दगडी भिंत किंवा जाळीत भरलेले दगड हवेत. वरच्या कडेला आडवे जाड लाकूड बसवा, म्हणजे ट्रॉली टेकवताना भिंत फुटणार नाही. समोर ट्रॉली उभी राहते ती पंधरा-वीस फूट जागा मुरमाने पक्की करून घ्या. पाणी निघून जाईल असा ढाळ ठेवा. कडेला दोन्ही बाजूंनी चुन्याने रंगवलेले दगड लावले की संध्याकाळीही कड दिसते.

जागा गायरान किंवा गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. मुरूम उचलण्यासाठी तहसीलची गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन लागते, ते न भरता आणलेला मुरूम पुढे महागात पडतो. वीजतारांपासून दूरची जागा निवडा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून किंवा यांत्रिकीकरण उप-अभियानातून अवजारे बँक घेतलेल्या गटांनी आणि शेतकरी कंपन्यांनी आपल्या शेडपाशीच असा धक्का करावा. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गटाच्या बैठकीत हा विषय काढला, तर खर्च गटात वाटला जातो आणि कुणा एकावर बोजा पडत नाही.

धक्का होईपर्यंत कॅनॉलचा भराव किंवा नाल्याचा उंच काठ यांचा उपयोग करणारे शेतकरी आहेत. ओलीत नसलेला, पक्का, पुरेसा रुंद काठ असेल तर सहा फुटी फळ्यांपेक्षा तो नक्की बरा. वाहत्या कॅनॉलचा भराव मात्र वापरू नका. तो आतून भिजलेला असतो.

बांधणी

ट्रॅक्टर चढला म्हणजे काम झाले असे नाही. त्याचे वजन ॲक्सलच्या थोडे पुढे येईल असा तो उभा करा. हुकावर थोडा दाब हवा, पण इतका नको की ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतील. हँडब्रेक लावा, गियरमध्ये ठेवा, लिंकेज खाली सोडा आणि चाकांना ठोकळे लावून ते खिळ्यांनी ट्रॉलीच्या फळ्यांना ठोका.

बांधायला नायलॉनचा दोर वापरू नका. तो ताणला जातो, आणि खड्ड्यात आपटल्यावर सैल झालेल्या दोरातून ट्रॅक्टर हलायला लागतो. साखळी आणि टर्नबकल किंवा रुंद रॅचेट पट्टे वापरावेत. अमेरिका-युरोपात धरला जाणारा हिशेब असा, की एकदम ब्रेक लागल्यावर यंत्र आपल्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे रेटते, तर वळणावर ५० टक्के जोराने बाजूला. दोन टनांच्या ट्रॅक्टरसाठी पुढे १,६०० किलो आणि बाजूला १,००० किलो झाले. ८० ग्रेडची १० मिलिमीटर जाडीची साखळी सुमारे ३ टन सुरक्षितपणे पेलते, त्यामुळे चार कोपऱ्यांना चार साखळ्या पुरतात. साध्या दुकानातली गुरे बांधायची साखळी इथे उपयोगाची नाही. साखळ्या तिरक्या, बाहेरच्या दिशेला ओढून बांधा. ट्रॅक्टरला त्या पुढच्या ॲक्सलच्या आधाराला आणि मागच्या ड्रॉबारला अडकवा. स्टेअरिंगचे दांडे आणि हायड्रॉलिकचे पाइप यांना हातही लावू नका. ट्रॉलीच्या बाजूने चासीला बांधा, फाळक्याच्या कड्यांना नाही.

निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळा. पहिल्या धक्क्यांत त्या सैल होतातच.

तारा, रस्ता आणि दंड

११ केव्हीची तार रस्ता ओलांडते तिथे जमिनीपासून किमान ६.१ मीटर आणि शेतातून जाते तिथे किमान ४.६ मीटर उंच असावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात खांब कलले की तार खाली येते. ट्रॉलीवर चढलेल्या हार्वेस्टरची उंची काठीने मोजा आणि वाटेतल्या तारा आदल्या दिवशी पाहून ठेवा. लोंबती तार काठीने उचलून यंत्र खालून काढण्याचा प्रकार सरळ जिवावर बेततो. महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्या.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ट्रॉलीचा रेटा ओढणाऱ्या ट्रॅक्टरला सोसावा लागतो, म्हणून ताशी १५ ते २० किलोमीटरच्या वर जाऊ नका. ओढणारा ट्रॅक्टर लादलेल्या ट्रॅक्टरपेक्षा हलका नसावा. मागे लाल दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल ट्रॉलीच्या बाहेर आलेला असेल तरी २,०००चा नव्हे, २०,००० रुपयांचाच दंड आहे. चाकांवरच्या मोठ्या हार्वेस्टरचा कटर म्हणूनच वेगळा काढून छोट्या गाड्यावर मागे ओढतात.

बंद पडलेला ट्रॅक्टर आणि साखळी पट्ट्याची यंत्रे

इंजिन बंद असलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ढकलून चढवू नये. विंच किंवा चेनपुल्लीने ओढावा. दोन टनांचा ट्रॅक्टर १५ अंशांच्या चढावर ओढायला सुमारे ५२० किलोंचा जोर लागतो, तर ३३ अंशांवर जवळजवळ ११०० किलोंचा. तारदोर तुटला तर तो चाबकासारखा परत येतो, म्हणून त्याच्या रेषेत कुणी उभे राहू नये. प्रत्येक दोन फुटांवर चाकामागे ठोकळा सरकवत जा, पण लांब दांड्याने, हाताने नाही.

साखळी पट्ट्याच्या हार्वेस्टरची अडचण वेगळी आहे. फळी संपून ट्रॉली सुरू होते त्या कडेवर तो आधी वर तोंड करून तरंगतो आणि मग धाडकन पुढे पडतो. त्या ठिकाणी वेग जवळजवळ शून्यावर आणून त्याला हळूच टेकू द्यावे. फळीवर त्याला वळवू नये, एक पट्टा थांबला की तो जागीच फिरतो.

रोटाव्हेटर सहा-सात माणसांनी उचलून टाकणे बंद करा. बोटे चेंगरतात, कंबर जाते. झाडाला नाही, तर लोखंडी तिवईला चेनपुल्ली लावून उचला आणि खाली ट्रॉली सरकवा. लटकलेल्या अवजाराखाली हात-पाय घालू नका.

अपघात झालाच तर

ट्रॅक्टर खाली माणूस अडकला असेल तर आधी इंजिन बंद करा आणि ट्रॅक्टर आणखी सरकणार नाही असे ठोकळे लावा. १०८ वर फोन करून ठिकाण नीट सांगा, गावाबाहेर असाल तर फाट्यावर माणूस उभा करा. दोरीने ट्रॅक्टर एका अंगाला ओढून माणूस काढायला जाऊ नका, तो परत त्याच्यावर बसू शकतो. जेसीबी जवळ असेल तर ट्रॅक्टर सरळ वर उचलून धरा. तारेला यंत्र चिकटले असेल तर पुरवठा बंद होईपर्यंत जवळही जाऊ नका.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव अथवा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख रुपये, आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५, यांना ती लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. सातबारा, वारसाची कागदपत्रे, पोलिसांचा पंचनामा आणि मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल लागतो. वाहन चालवणाऱ्याकडे वैध परवाना नसेल किंवा तो नशेत असेल तर दावा नाकारला जातो. म्हणून अपघात छोटा वाटला तरी पोलीस ठाण्यात त्याच दिवशी नोंद करून घ्यावी आणि ट्रॉली व फळ्या जागच्या जागी असतानाच पंचनामा व्हावा.